एडिटर बनवताय? आधी त्याला साधी टेक्स्ट फाईल नीट उघडायला शिकवा

नाशिकमधे डिप्लोमा नाहीतर बीसीए करणाऱ्या कुणालाही मिनी प्रोजेक्ट काय घेतलाय विचारा, लायब्ररी मॅनेजमेंट, कॅल्क्युलेटर आणि पायथनमधला छोटा एडिटर या तिघांपैकी एक निघतोच. त्यातला एडिटर खरं तर सगळ्यात भारी विषय आहे, पण होतं काय की डार्क थीम, कलरफुल कीवर्ड, झोकदार आयकॉन यात सगळा जीव ओततात आणि फाईल ओपनचा कोड मात्र नेटवरून उचललेल्या पाच ओळी. मग व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक पेन ड्राइव्हमधली एखादी मराठी फाईल उघडायला सांगतात आणि स्क्रीनवर किडेमुंग्या. हा लेख त्या पाच ओळींबद्दल आहे. उदाहरणं पायथन आणि टीकिंटरची (पायथनमधे खिडक्या, बटणं बनवायची लायब्ररी) देतोय कारण सगळे तेच वापरतात, पण जावामधे करत असाल तरी पायऱ्या त्याच.

सुरुवातीलाच एक नियम भिंतीवर लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यातूनच निघतं. फाईल उघडली, काहीही न बदलता सेव्ह केली, तर ती बाइटला बाइट जशीच्या तशी राहिली पाहिजे. झेरॉक्सवाल्याला कागद दिला तर तो आपलं शुद्धलेखन सुधारून देत नाही ना, तसंच. आणि हे नवशिक्यांच्या एडिटरला जास्त लागू होतं, कारण नवशिक्याला कळतच नाही की फाईल बिघडली ती आपल्या प्रोग्रामने की एडिटरने, तो बिचारा रात्रभर स्वतःच्याच कोडमधे चूक शोधत बसतो.

पायरी १: टेस्टसाठी फाईल बनवा

एबीसीडी टाकून टेस्ट करू नका, इंग्लिशमधे सगळंच चालतं. आपल्या जिल्ह्याचे १५ तालुके लिहा, एका ओळीवर एक: नाशिक, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण, बागलाण, देवळा, मालेगाव, नांदगाव, चांदवड, येवला, निफाड, सिन्नर. यात त्र्यंबकेश्वर म्हणजे सोनं आहे. डोळ्याला पाच अक्षरं दिसतात, पायथनचं लेन (लांबी मोजणारं फंक्शन) विचारलं तर १३ सांगतं आणि यूटीएफ-८ या एन्कोडिंगमधे, म्हणजे अक्षरांचे बाइट बनवायच्या पद्धतीत, डिस्कवर ते ३९ बाइट घेतं, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना मात्रा हलन्त सगळं धरून, तीन बाइटचं असतं. कर्सर, लाइन-कॉलम, फाईल साइज यात कुठे घोळ असेल तर तो या एका शब्दात सापडतो.

फाईल नोटपॅडमधे केलीत तर एक बघून घ्या, विंडोज फाईलचं एक्स्टेन्शन लपवून ठेवतं त्यामुळे बऱ्याच जणांची फाईल तालुके.टीएक्सटी.टीएक्सटी अशी सेव्ह झालेली असते, आणि उलटं म्हणजे प्रोग्राम म्हणून लिहिलेली फाईल डॉट पीवाय डॉट टीएक्सटी होऊन बसते. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत फाईल नेम एक्स्टेन्शन दाखवायचं ऑप्शन आहे ते चालू करा, आणि एडिटरच्या टायटलबारमधे तर नाव कायम एक्स्टेन्शनसकट आणि पूर्ण पाथसकट दाखवा. पाथ का, ते पायरी ७ मधे.

पायरी २: ओपन डायलॉग

इथे जास्त वेळ घालवू नका. डायलॉगमधे फक्त डॉट पीवाय फाइल्स दिसतील असा फिल्टर लावला असेल तर डेटा फाईल दिसतच नाही आणि पोरं म्हणतात फाईल गायब झाली, म्हणून "सर्व फाइल्स" हे ऑप्शन पाहिजेच. कॅन्सल दाबलं तर टीकिंटर रिकामी स्ट्रिंग परत देतो, काही मशीनवर रिकामं टपल पण येतं, म्हणून "पाथ रिकामा असेल तर गप परत जा" एवढी एक ओळ. हो, आणि तीच फाईल आधीच दुसऱ्या टॅबमधे उघडी असेल तर नवीन टॅब न उघडता त्याच टॅबवर न्या, नाहीतर एकाच फाईलच्या दोन कॉपी होतात आणि शेवटी ज्याने सेव्ह केलं तो जिंकतो.

पायरी ३: आधी बाइट वाचा, अक्षरं नंतर

ही मुख्य पायरी. बहुतेक जण ओपन फंक्शनला नुसता पाथ देतात आणि रीड मारतात. तसं करू नका. मोड आरबी (रीड बायनरी) द्या, म्हणजे कच्चे बाइट हातात येतील, मग त्यांच्याकडे बघून ठरवा की हे काय आहे.

सगळ्यात आधी फाईलच्या तोंडाशी बीओएम आहे का बघा. बीओएम म्हणजे काही प्रोग्राम फाईलच्या सुरुवातीला लावतात तो छोटा शिक्का. ईएफ, बीबी, बीएफ असे तीन बाइट असतील तर बीओएमवाली यूटीएफ-८, एफएफ आणि एफई असे दोन असतील तर यूटीएफ-१६. तुम्ही म्हणाल यूटीएफ-१६ कोण वापरतं, तर तुम्हीच वापरता! विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मधे प्रोग्राम चालवून आउटपुट ग्रेटर-दॅन चिन्हाने फाईलमधे वळवलं की ती फाईल यूटीएफ-१६ मधे बनते. प्रोग्राम बरोबर, आउटपुट बरोबर, आणि एडिटर म्हणतो फाईल खराब आहे.

बीओएम नसेल तर मग फाईलच्या सुरुवातीच्या भागात शून्य बाइट, म्हणजे ज्याची किंमतच ० आहे असा बाइट, आहे का बघा. साध्या टेक्स्टमधे तो नसतो, त्यामुळे असेल तर बहुधा ती बायनरी फाईल आहे, फोटो, एक्झी वगैरे. गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल) पण असंच करतं, पहिल्या ८००० बाइटमधे शून्य बाइट दिसला की फाईल बायनरी धरतं. पण क्रम चुकवू नका, बीओएम आधी आणि शून्य नंतर, कारण यूटीएफ-१६ मधे प्रत्येक स्पेस आणि न्यूलाइनसोबत शून्य बाइट येतोच, उलट क्रमाने तपासलं तर चांगली फाईल बायनरी म्हणून परत पाठवाल.

अजून एक चेक मी आवर्जून टाकायला सांगेन. पहिली दोन अक्षरं पी आणि के असतील तर ती बहुधा झिप आहे, आणि वर्डची डॉक्स फाईल आतून झिपच असते. वर्डमधे लिहिलेलं नाव बदलून डॉट टीएक्सटी केलं की झाली टेक्स्ट फाईल, असं मानणारे प्रत्येक बॅचमधे असतात. त्यांना "ही वर्डची फाईल दिसतेय, वर्डमधे उघडून सेव्ह ॲजमधे प्लेन टेक्स्ट निवडा" असा सरळ मेसेज द्या, एन्कोडिंग एरर तोंडावर मारू नका.

साइज पण इथेच बघा. फाईल काही एमबीची असेल तर उघडायच्या आधी विचारा. टीकिंटरचा टेक्स्ट बॉक्स खूप ओळी असल्या तरी बऱ्यापैकी चालतो पण एकच ओळ लाखभर अक्षरांची असेल, नेटवरून उतरवलेली जेसॉन बऱ्याचदा अशीच असते, तर स्क्रोल करताना हँग होतो.

पायरी ४: एन्कोडिंग, इथेच सगळे आपटतात

क्रम सोपा आहे. बीओएम सापडला तर तो सांगेल ते. नसेल तर कडक यूटीएफ-८ म्हणून डीकोड करून बघा, कडक म्हणजे एक बाइट जरी चुकला तरी नापास. नापास झाली तर अंदाज लावू नका, वापरणाऱ्याला विचारा. यूटीएफ-८ ची रचना, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मधे केलेली, अशी आहे की दुसऱ्या एन्कोडिंगमधलं इंग्लिशपलीकडचं टेक्स्ट त्यात चुकून पास होणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे पास झाली तर निर्धास्त राहा.

आता नुसत्या ओपनने काय होतं ते बघा म्हणजे एवढा आटापिटा कशासाठी ते कळेल. आपल्याकडच्या विंडोजवर एन्कोडिंग न सांगता ओपन केलं की पायथन सहसा विंडोज-१२५२ हे जुनं पश्चिम युरोपचं एन्कोडिंग धरतो. गंमत अशी की सगळ्या फाइल्सवर एरर येत नाही. १२५२ मधे पाच बाइट रिकामे आहेत आणि त्यातला एक आपल्या हलन्ताच्या तीन बाइटमधे बसतो, दुसरा ऱ्हस्व उकारात, आणि ए, ऐ, झ यांच्यातही एकेक. म्हणजे फाईलमधे फक्त नाशिक, पेठ, कळवण, येवला असेल तर काहीच एरर नाही, गुपचूप किडेमुंग्या दिसतात, आणि त्यात इगतपुरी किंवा सिन्नर आलं की प्रोग्राम धाडकन युनिकोड डीकोड एरर देऊन पडतो. मग पोरगं म्हणतं, सर सिन्नर टाकलं की चालत नाही. सिन्नरचा काय दोष! पायथन ३.१५ पासून डीफॉल्ट यूटीएफ-८ करायचं ठरलेलं आहे, पण कॉलेजच्या लॅबमधे जे व्हर्जन आहे ते आहे, तेव्हा एन्कोडिंग कायम स्वतः लिहा.

या एररवर नेटवर जो उपाय सगळ्यात जास्त सापडतो तो म्हणजे एरर्स इग्नोर. तो एडिटरमधे कधीही वापरू नका, अगदी कधीही. त्याने एरर जाते पण न कळलेले बाइट पण जातात, आणि सेव्ह दाबलं की ते कायमचे गेले. रिप्लेस वापरलं तर निदान चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसतं, पण सेव्ह केल्यावर मूळ बाइटच्या जागी तेच प्रश्नचिन्ह जाऊन बसतं. तिसरा शहाणपणा लॅटिन-१ चा, ते कुठल्याही बाइटला नाही म्हणत नाही म्हणून लोकांना वाटतं उघडली बुवा. उघडली, पण वाचता कुठे येतेय.

त्यापेक्षा एक छोटी खिडकी दाखवा: "ही फाईल यूटीएफ-८ मधली दिसत नाही. खालीलपैकी कशात नीट दिसतेय ते बघा", आणि खाली दोन-तीन एन्कोडिंगमधे पहिल्या चार ओळींचा प्रिव्ह्यू. माणूस डोळ्याने एका सेकंदात ओळखतो. तोपर्यंत फाईल रीड-ओन्ली. व्हीएस कोडमधे खालच्या पट्टीत एन्कोडिंगवर क्लिक केलं की "त्या एन्कोडिंगमधे पुन्हा उघडा" आणि "त्या एन्कोडिंगमधे सेव्ह करा" असे दोन वेगळे ऑप्शन येतात. पहिल्याने फक्त बघण्याची पद्धत बदलते, दुसऱ्याने डिस्कवरची फाईल बदलते, आणि नवीन माणूस घाईत हमखास दुसरं दाबतो. तुमच्या एडिटरमधे पहिलं ठळक ठेवा, दुसरं मेनूत आत कुठेतरी.

बीओएमवाली फाईल असेल तर पायथनला एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या म्हणजे तो शिक्का टेक्स्टमधे येत नाही. आला तर काय होतं? एक्सेलमधून सीएसव्ही यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेली लासलगावच्या कांदा भावाची फाईल घ्या, पहिल्या कॉलमचं नाव "तारीख". प्रिंट केलं तर तारीखच दिसतं, पण डिक्शनरीत तारीख शोधलं की की-एरर, कारण तिथे तारीखच्या आधी एक न दिसणारं चिन्ह चिकटलेलं असतं. म्हणून एडिटरने खालच्या पट्टीत "यूटीएफ-८, बीओएमसह" असं स्पष्ट दाखवावं, आणि सेव्ह करताना होता तर परत लावावा, नव्हता तर लावू नये. स्वतःहून तर कधीच लावू नका, जावाचा कंपायलर फाईलच्या सुरुवातीला बीओएम बघून इललीगल कॅरेक्टर म्हणतो आणि ते कॅरेक्टर काही केल्या दिसत नाही.

आणि दोन प्रकार असे की एन्कोडिंग बदलून काहीच होणार नाही. एक, मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची माळ. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ अपडेटच्या आधी नोटपॅड डीफॉल्टने एएनएसआय म्हणजे विंडोजच्या जुन्या एन्कोडिंगमधे सेव्ह करायचं, त्याची वॉर्निंग न वाचता ओके दाबलं की मराठी गेलं, फाईलमधे खरोखरच प्रश्नचिन्हं लिहिली गेली. ते परत येत नाही. दुसरा प्रकार जास्त आपला: पतसंस्थेची जुनी यादी, डीटीपीवाल्याकडून आणलेली निमंत्रणं, हे श्रीलिपी किंवा शिवाजी अशा फॉन्टमधे टाइप केलेलं असतं. तिथे फाईलमधे मराठी अक्षरं नसतातच, इंग्लिश अक्षरांचे कोड असतात आणि फॉन्ट त्यावर मराठी आकार काढतो. साध्या एडिटरमधे फॉन्टचं नाव साठवायची सोयच नाही म्हणून ते अगम्य इंग्लिश दिसतं. एडिटरने यात हात घालू नये, फाईल आहे तशी ठेवावी. हेल्पमधे एक ओळ टाका की अशा मजकुराला फॉन्ट कन्व्हर्टर लागतो, बास.

पायरी ५: ओळीचा शेवट

विंडोजमधे ओळ संपते तिथे दोन चिन्हं असतात, सीआर आणि एलएफ, लिनक्स आणि मॅकवर फक्त एलएफ. पायथन टेक्स्ट मोडमधे वाचताना सगळ्याचं एलएफ करतो आणि विंडोजवर लिहिताना परत दोन चिन्हं टाकतो, म्हणजे लिनक्सच्या मित्राकडून आलेली फाईल तुम्ही नुसती उघडून सेव्ह केली की तिची प्रत्येक ओळ बदलली, आणि गिटमधे अख्खी फाईल लाल-हिरवी, म्हणजे सगळ्याच ओळी बदललेल्या दिसतात. आपण बाइट वाचलेत त्यामुळे आपल्याला आधी बघता येतं की कुठला शेवट आहे. तो लक्षात ठेवा, आत एलएफ करून वापरा, सेव्ह करताना मूळचाच लावा आणि लिहिताना न्यूलाइन पॅरामीटर रिकामी स्ट्रिंग द्या म्हणजे पायथन मधे लुडबुड करणार नाही. एकाच फाईलमधे दोन्ही सापडले, चार जणांनी हात लावलेल्या फाईलमधे सापडतातच, तर सेव्हच्या वेळी विचारा की कुठला ठेवू.

शेवटच्या ओळीनंतर न्यूलाइन नसेल तर टाकू नका. ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा काढू नका. टॅबचे स्पेस करू नका, पायथन फाईलला ते ठीक आहे पण टॅबने वेगळ्या केलेल्या डेटा फाईलचे सगळे कॉलम त्याने एक होतात.

पायरी ६: टेक्स्ट बॉक्समधे टाकल्यावर

इथे टीकिंटरच्या दोन खोड्या आहेत. मजकूर परत घेताना गेटला शेवट म्हणून नुसतं "एंड" दिलं तर तो स्वतःची एक जादा न्यूलाइन जोडून देतो, दर सेव्हला खाली एक रिकामी ओळ वाढत जाते. त्याजागी "एंड-१सी" द्या. दुसरी, अंडू चालू असेल तर फाईल भरणं हीसुद्धा एक कृती म्हणून नोंदली जाते, मग वापरणाऱ्याने कंट्रोल झेड जरा जास्त वेळा दाबलं की पूर्ण फाईल गायब, स्क्रीन कोरी, आणि घाबरून तो सेव्ह पण करतो. म्हणून मजकूर टाकल्या टाकल्या एडिट-रीसेट कॉल करा आणि एडिट-मॉडिफाइड फॉल्स करा. मॉडिफाइड फॉल्स असताना कुणी सेव्ह दाबलं तर डिस्कवर काही लिहूच नका, निम्मे धोके तिथेच टळतात.

फॉन्टचं म्हणाल तर विंडोजवर निर्मला यूआय नाहीतर मंगल ठेवा. लिनक्सवर टीकिंटरमधे जोडाक्षरं तुटलेली दिसू शकतात, फाईल बिघडली नाही हे ओळखायला तीच फाईल ब्राउझरमधे उघडून बघा.

पायरी ७: ही डेटा फाईल आहे, प्रोग्राम नाही

डॉट टीएक्सटी उघडल्यावर कीवर्डचे रंग बंद, ऑटोकम्प्लीट बंद, आपोआप बंद होणारे कंस बंद, वर्ड रॅप चालू. एवढं सगळे करतात. रन बटणाचं विसरतात. नवीन माणूस डेटा फाईलच्या टॅबवर असतानाच एफ५ (रन) दाबतो. पायथनला एक्स्टेन्शनशी देणंघेणं नाही, दिली फाईल की चालव. आणि पायथन ३ मधे देवनागरी नावांचे व्हेरिएबल चालतात, त्यामुळे आपली तालुक्यांची यादी रन केली तर सिंटॅक्स एरर पण येत नाही, नेम एरर येते: नाशिक डिफाइन केलेलं नाही! वाचून हसू येतं पण ज्याचा पहिला आठवडा आहे त्याला काय समजणार. माझ्या मते बटण ग्रे करण्यापेक्षा "ही टेक्स्ट फाईल आहे, शेवटचा प्रोग्राम चालवू का?" हा प्रश्न बरा.

आता पाथचं. प्रोग्राममधे नुसतं तालुके.टीएक्सटी लिहिलं तर पायथन ती चालू फोल्डरमधे शोधतो, एडिटरमधे ती उघडी आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. बाजूच्या टॅबमधे फाईल डोळ्यासमोर आहे आणि एरर येते फाईल नॉट फाउंड, यावर नवशिक्यांचा जेवढा वेळ जातो तेवढा लूप शिकण्यात जात नसेल. रन करताना चालू फोल्डर म्हणून प्रोग्रामचं फोल्डर द्या, आणि डेटा फाईल दुसऱ्या फोल्डरमधे असेल तर खालच्या पट्टीत तसं दाखवा.

प्रोग्राम त्याच फाईलमधे लिहीत असेल तर एडिटरमधला टॅब जुना होतो. विंडोवर परत फोकस आला की डिस्कवरची वेळ आणि साइज बघा. टॅबमधे काही बदललेलं नसेल तर गुपचूप नवीन दाखवा, बदललेलं असेल तर विचारा, दोन्हीपैकी एक आपल्या मनाने फेकू नका.

पायरी ८: मराठीची एक खास गोष्ट

"शेतकऱ्यांची" यातला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो, एका कीबोर्डवर नुक्त्याच्या ऱ ने, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मधे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला एकच. तसंच ॲपमधला ॲ एक अखंड चिन्ह म्हणून किंवा अ वर चंद्र देऊन. फाईल उघडताना हे एकसारखं करून टाकायचा मोह होईल, युनिकोड नॉर्मलायझेशनचं फंक्शन तयारच असतं, पण आपला नियम आठवा, बाइट बदलायचे नाहीत. (आणि त्या फंक्शनने ॲ च्या दोन रूपांचं एक होतही नाही.) करायचंच तर सर्चमधे करा, शोधताना दोन्ही रूपं सारखी धरा, फाईल तशीच ठेवा.

पायरी ९: तपासा

एक फोल्डर करा आणि त्यात ठेवा: तालुक्यांची फाईल यूटीएफ-८ मधे, तीच बीओएमसह, तीच यूटीएफ-१६ मधे, एक एलएफवाली, एक शेवटी न्यूलाइन नसलेली, एक शून्य बाइटची रिकामी, एक नाव बदललेली डॉक्स, आणि घरात सापडली तर जुन्या फॉन्टमधली एखादी. प्रत्येकीची कॉपी एडिटरमधे उघडा, एक अक्षर टाइप करा, ते बॅकस्पेसने काढा, सेव्ह करा. हे अक्षर टाकणं-काढणं मुद्दाम, कारण नुसतं सेव्ह केलं तर आपला एडिटर लिहितच नाही आणि टेस्ट खोटी पास होते. मग कमांड प्रॉम्प्टमधे एफसी स्लॅश बी देऊन मूळ आणि कॉपी जुळवा. पॉवरशेलमधे करत असाल तर एफसी डॉट एक्झी असं पूर्ण लिहा, तिथे नुसतं एफसी म्हणजे दुसरीच कमांड आहे. लिनक्सवर सीएमपी. डॉक्सच्या बाबतीत एडिटरने उघडायलाच नकार द्यायचा आहे, बाकी सगळ्यांना एफसीकडून "नो डिफरन्सेस एन्काउंटर्ड" आलं पाहिजे, सीएमपी असेल तर त्याने काहीच न म्हणता गप राहिलं पाहिजे. रिकाम्या फाईलवर बहुतेकांचा एडिटर पहिल्यांदा पडतो, कारण पहिले दोन बाइट तपासणारा कोड बाइटच नसताना इंडेक्स एरर देतो, तेव्हा व्हायव्हाच्या आधी ती एक फाईल नक्की उघडून बघा.